लंडनमध्ये आफ्रिकी जेवायला जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी

लंडनला नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींचं बाहेरचं खाणं साधारण एकाच वाटेनं जातं. पहिला महिना साउथॉल, वेंब्ली आणि टूटिंग, म्हणजे भारतीय हॉटेलांचे भाग. मग पिझ्झा, तुर्की कबाब, चायनाटाउन, आणि मधूनमधून नँडोज. नँडोज १९८७ साली जोहान्सबर्गमध्ये सुरू झालं आणि त्याचा पेरी-पेरी मसाला मोझांबिककडचा, म्हणजे आफ्रिकी चवीची तोंडओळख झालेली असतेच. पण तिथून पुढे फार थोडे जातात. का, असं विचारलं की उत्तरं ठरलेली: तिथे व्हेज काही मिळत नाही, सगळीकडे बीफ असतं, आणि मेनू वाचून काय मागवायचं तेच समजत नाही. या तिन्ही अडचणींवर साधे उपाय आहेत, आणि ते घरून निघण्याआधीच करायचे असतात. म्हणून हा लेख.

या जेवणासाठी आपली तयारी आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ जास्त असते. हाताने जेवायची सवय आहे, तिखट झेपतं, डाळी आणि पालेभाज्या रोजच्या आहेत, कोकणातल्या माणसाला सुकटीचा वासही घरचा वाटतो. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही आपली भाकरीची तिन्ही धान्यं मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी तिथून भारतात आली. चवळीही तिकडचीच. तेव्हा अंतर वाटतं तेवढं नाही.

आधी देश ठरवा

"आज आफ्रिकन खाऊ या" एवढंच ठरवून निघू नका. आफ्रिकेत ५४ देश आहेत, आणि अदिस अबाबातल्या ताटाचा लागोसच्या ताटाशी काहीही संबंध नाही. लंडनमध्ये सहज सापडणारे प्रकार ढोबळमानाने चार. नायजेरिया, घाना, सेनेगल यांचं पश्चिम आफ्रिकी जेवण, इथिओपिया आणि एरिट्रियाचं इंजेराचं (आंबवलेल्या धिरड्याचं) जेवण, सोमाली, आणि मोरोक्को-अल्जीरियाचं उत्तर आफ्रिकी.

निवड कोणाबरोबर जाताय यावरून करा. गटात एक जरी पक्का शाकाहारी असेल तर डोळे मिटून इथिओपियन किंवा एरिट्रियन. भारतातून आई-बाबा आलेत, ते मटण खातात पण नव्या चवीला बिचकतात, तर सोमाली. मासे, सुकट, झणझणीत रस्सा आवडणारी मित्रमंडळी असेल तर नायजेरियन किंवा घानाचं. माझं मत विचाराल तर पहिली वेळ इथिओपियनच असावी. तिथे चुकायला जागा कमी आहे, आणि एकदा तिथलं जेवण आवडलं की माणूस पुढच्या ठिकाणी आपणहून जातो.

एरिट्रियन हॉटेलात शिरून "तुमचं इथिओपियन जेवण फार छान" असं म्हणू नका. एरिट्रियाने तीस वर्षं लढून इथिओपियापासून स्वातंत्र्य मिळवलं, १९९३ साली ते रीतसर झालं, आणि पुढे १९९८ ते २००० दोघांत पुन्हा युद्ध झालं. ताट दिसायला सारखं असलं तरी मालकाच्या मनात तो विषय ताजा असू शकतो. दारावरची पाटी नीट वाचून आत जावं.

कुठे जायचं

हॉटेलं उघडतात, बंद होतात, मालक बदलतात. म्हणून मी नावांपेक्षा भाग सांगते.

नायजेरियन जेवणासाठी पेकम आणि ओल्ड केंट रोड. पेकम राय स्टेशन ओव्हरग्राउंडच्या विंडरश लाइनवर आहे. बाहेर पडलात की राय लेन, आणि तिथूनच रताळी-सुरण विकणारी दुकानं, मासळीवाले आणि लहान खाणावळी सुरू होतात. ओल्ड केंट रोडवर ट्यूब नाही, ५३ किंवा ४५३ नंबरची बस पकडावी. घानाच्या जेवणासाठी उत्तरेला टॉटनमही चांगलं. इथिओपियन आणि एरिट्रियन हॉटेलं कॅलेडोनियन रोड, केंटिश टाउन-टफनेल पार्क आणि दक्षिणेला ओव्हलच्या आसपास. सोमाली व्हाइटचॅपल आणि हार्ल्सडनमध्ये. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेलात तर हार्ल्सडन तिथून दूर नाही. मोरोक्कन गोलबोर्न रोडवर, अल्जीरियन फिन्सबरी पार्कजवळच्या ब्लॅकस्टॉक रोडवर.

स्वच्छतेची शंका असेल तर हॉटेलच्या काचेवर हिरवा-काळा स्टिकर शोधा. शून्य ते पाच असं हे सरकारी मानांकन असतं. इंग्लंडमध्ये स्टिकर लावण्याची सक्ती नाही, त्यामुळे तो दिसला नाही म्हणून लगेच वाईट समजू नका; फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर हॉटेलचं नाव टाकलं की आकडा दिसतो. हे कुठल्याही हॉटेलसाठी करावं, फक्त आफ्रिकीसाठी नाही.

निघण्याआधी फोन

ही पायरी लोक गाळतात आणि मग तिथे जाऊन हिरमुसतात. मोठ्या हॉटेलांसारखं ॲपवर टेबल बुक करण्याची सोय लहान खाणावळीत बहुधा नसते. फोन हाच खरा मार्ग. फोनवर हे विचारा: स्वयंपाकघर नक्की किती वाजता सुरू होतं (दार उघडण्याची आणि जेवण तयार असण्याची वेळ वेगळी असू शकते), आज मेनूतलं काय नाही, शाकाहारी काय मिळेल, आणि बकऱ्याचं मटण आहे का.

रविवारी दुपारी नायजेरियन आणि घानाच्या हॉटेलात चर्चहून थेट आलेली कुटुंबं असतात. मुलाबाळांसकट, ठेवणीतल्या कपड्यांत. वातावरण फार छान असतं, पण जागा मिळायला आणि जेवण यायला वेळ लागतो. घाई असेल तर आठवड्यातल्या मधल्या वाराची संध्याकाळ बरी. घाई नसेल तर रविवारच निवडा.

इथिओपियन ताट: शाकाहाऱ्यांनी इथून सुरुवात करावी

इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासाला फार महत्त्व आहे. दर बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टरआधीचे मोठे उपास धरून वर्षातले दीडशेहून जास्त दिवस मांस, अंडी, दूध, लोणी काहीही चालत नाही. त्यामुळे शाकाहारी स्वयंपाक हा तिथे मेनूच्या कोपऱ्यात टाकलेला तडजोडीचा प्रकार नाही. शतकानुशतकं रांधून मुरलेला स्वयंपाक आहे. बुधवारी किंवा शुक्रवारी गेलात तर तो सगळ्यात ताजा आणि जास्त प्रकारांत मिळतो.

मागवायचं काय? "बेयायनेतू". उपासाच्या सगळ्या भाज्या-डाळींचं एकत्र ताट. मोठ्या परातीएवढ्या थाळीवर इंजेरा पसरलेला असतो: तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून एकाच बाजूने भाजलेला, जाळीदार, मऊ, आंबट. त्यावर छोटे छोटे ढीग. मिसिर वोत म्हणजे बेर्बेरे मसाल्यातली लालभडक मसूर डाळ. किक अलिचा, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची, हळदीची, बिनतिखटाची. गोमेन म्हणजे लसूण-आलं घालून शिजवलेली पालेभाजी. कोबी-गाजर-बटाटा. फरसबी-गाजर. आणि शिरो. शिरो हे हरभऱ्याच्या भाजलेल्या, मसाला मिसळलेल्या पिठाचं पिठलंच म्हणा, फक्त कांदा जास्त परतलेला आणि बेर्बेरेने लाल झालेलं. काही ठिकाणी ते मातीच्या भांड्यात रटरटत येतं. घरची आठवण काढणाऱ्या मुलाला मी आधी शिरो मागवून देते.

तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. शिरो आणि काही डाळी मसाल्याच्या तुपात करतात. तूप चालतं त्यांना प्रश्नच नाही, पण व्हीगन असाल तर "त्सोम", म्हणजे उपासाचं, हवं म्हणून सांगा. दुसरं, ग्लूटेन चालत नसेल तर इंजेरा शुद्ध तेफचा आहे का ते आधीच फोनवर विचारा. लंडनमध्ये बऱ्याच ठिकाणी त्यात गहू किंवा जव मिसळतात, आणि निव्वळ तेफचा आधी सांगितला तरच मिळतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: गटात शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही असाल तर दोन वेगळ्या थाळ्या मागा. तसं सांगितलं नाही तर एकाच इंजेऱ्यावर डाळीशेजारी मटण येईल, रस्सा पसरेल आणि शाकाहारी माणूस उपाशी बसेल. हा घोळ मी अनेकदा पाहिलाय.

एकाच थाळीत सगळ्यांनी जेवायचं असतं. आपल्याकडे उष्ट्याचा विचार खोल रुजलेला आहे, त्यामुळे काहींना हे जड जातं. बरोबर येणाऱ्यांना आधीच कल्पना द्या. कोणाला नकोच असेल तर वेगळी ताटली मिळते, त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही. मात्र जमत असेल तर एकत्रच जेवा.

खायची पद्धत अशी. बाजूला गुंडाळून ठेवलेल्या इंजेऱ्याचा तळहाताच्या निम्म्याएवढा तुकडा उजव्या हाताने तोडायचा, तो डाळीवर ठेवून बोटांच्या टोकांनी चिमटीत धरायचा आणि तोंडात घालायचा. आपण वरण-भात कालवतो तसं कालवायचं नाही. हात फक्त बोटांपर्यंतच भरावा, बोटं चाटू नयेत, आणि आपल्या समोरच्या भागातूनच घ्यावं. खालचा इंजेरा सगळा रस पिऊन बसलेला असतो. तो शेवटी खायचा, आणि तोच सगळ्यात चविष्ट. कोणी इथिओपियन मित्र बरोबर असेल आणि त्याने स्वतःच्या हाताने घास करून तुमच्या तोंडाशी आणला तर तोंड उघडा. याला गुर्शा म्हणतात. मान देण्याची रीत आहे, नाकारली तर समोरच्याला लागतं.

मांसाहाऱ्यांसाठी दोरो वोत: भरपूर कांदा तासन्तास परतून केलेला कोंबडीचा रस्सा, आत उकडलेलं अंडं. सणाचा पदार्थ आहे, जरूर खा. कित्फो मागवताना मात्र जाणून मागवा. ते कच्चं किंवा जेमतेम कोमट केलेलं गोमांस असतं. मेनूत फोटो पाहून खिमा समजू नका.

जेवणानंतर कॉफी. अरेबिका कॉफीचं मूळ घर इथिओपिया, आणि तिचा मान त्यांनी राखलाय. हिरव्या बिया समोरच कढल्यात भाजतात, धूर निघायला लागला की ते कढलं प्रत्येकाच्या पुढे आणतात, आणि तुम्ही हाताने तो धूर स्वतःकडे ओढून वास घ्यायचा. मग दळून जबेना नावाच्या मातीच्या लांब मानेच्या भांड्यात उकळतात. बिनकानाच्या इवल्या कपात तीन फेऱ्या मिळतात, पहिली कडक, शेवटची हलकी. सोबत लाह्या, बाजूला ऊद जळत असतो. हे सगळं व्हायला तासभर लागू शकतो आणि लहान हॉटेलात आधी सांगावं लागतं. वेळ काढून जा. पहिल्या फेरीनंतर उठून जाणं बरं दिसत नाही.

सोमाली: मटण-भातवाल्यांचं ठिकाण

इथे समजावण्यासारखं फार नाही, कारण जीभ लगेच ओळखते. बारीस म्हणजे जिरं, वेलची, दालचिनी, लवंग घातलेला भात. त्यावर हळूहळू शिजवलेलं बकऱ्याचं मटण. सगळं हलाल. दारू बहुधा नसते. ताटाबरोबर एक केळं येतं. ते शेवटी खायचं फळ समजून बाजूला ठेवू नका. सोलून, भाताच्या घासाबरोबर थोडं थोडं खायचं असतं. विचित्र वाटेल, पण हिरव्या मिरचीच्या बसबास चटणीसोबत ते गोड केळं फार चांगलं जमतं. शाकाहाऱ्यांना इथे फारसं काही नाही, त्यांना ओढून नेऊ नका. शेवटी वेलची-दालचिनीचा दुधाचा चहा घ्या. एका ताटात दोघांचं भागतं, आधी एकच मागवून पाहा.

नायजेरिया आणि घाना: इथे थोडा अभ्यास लागतो

पहिल्यांदा मेनू हातात आला की गोंधळ होतो, कारण तो जोडून बनवायचा असतो. एक "स्वॉलो" निवडायचा, एक "सूप" निवडायचं, आणि त्यात कोणतं मांस किंवा मासा हवा ते सांगायचं. सूप म्हणजे पिण्याचं पातळ सूप नव्हे. दाट रस्सा किंवा पालेभाजी. स्वॉलो म्हणजे त्याबरोबर खायचा उकडीचा गोळा. पाउंडेड याम हा सुरणासारख्या कंदाचा पांढरा, गुळगुळीत. एबा कसाव्याच्या आंबवलेल्या रव्याचा, किंचित आंबट आणि रवाळ. अमाला वाळवलेल्या कंदाच्या पिठाचा, तपकिरी-काळा. घानाकडे बांकू आणि केंके, मक्याचे आंबवलेले. नवख्याने पाउंडेड याम घ्यावा.

सूपांत सुरुवात एगुसीपासून करा. कलिंगडाच्या जातीतल्या फळाच्या बिया वाटून, लाल पाम तेलात पालेभाजीबरोबर शिजवतात. एफो रिरो ही पालकाच्या अंगाची झणझणीत भाजी. भेंडीचं सूप मुद्दाम बुळबुळीत करतात, तीच त्याची खुबी. ओग्बोनो त्याहून बुळबुळीत. ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख मुख्यतः लिहितेय ती. "व्हेजिटेबल सूप" असं लिहिलं असलं तरी ते शाकाहारी नसतं. पालेभाजी असते म्हणून ते नाव; आत वाळवलेला मासा, गोमांस आणि "क्रेफिश" पूड असते. ही पूड म्हणजे आपली सुकटच. जोलोफ राइस दिसतो टोमॅटोचा लाल भात, पण तो बऱ्याचदा कोंबडीच्या किंवा गोमांसाच्या स्टॉकमध्ये शिजवलेला असतो. मोइन-मोइन ही वाटलेली चवळी वाफवून करतात, पण आत अंडं किंवा मासा असू शकतो. तेव्हा "व्हेज आहे का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर प्रामाणिकपणे "हो" येतं, कारण समोरच्याला भाजीच अभिप्रेत असते. नेमकं विचारा: यात मांस आहे का? मासा? क्रेफिश? स्टॉक कशाचा? चारही वेगवेगळे प्रश्न.

मग शाकाहाऱ्याने खायचं तरी काय? तळलेली पिकली राजेळी केळी, म्हणजे डोडो. आकारा, चवळी भिजवून, सालं काढून, वाटून तळलेले वडे. घानाच्या हॉटेलात रेड-रेड: पाम तेलातली चवळीची उसळ आणि तळलेली केळी, मासा न घालता केलीय का ते विचारून घ्या. वाचे हा चवळी-भात ज्वारीच्या वाळलेल्या पानांबरोबर शिजवतात, त्यातून तो तांबूस रंग येतो. सोलापूर-नगरकडच्या माणसाने एकदा तरी तो पाहावा. वाचेबरोबर येणारी काळी शितो चटणी मात्र शाकाहाऱ्यांनी बाजूला ठेवावी, तिच्यात सुकट आणि सुका मासा असतो.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी: नायजेरियन हॉटेलात "मीट" म्हटलं की सहसा बीफ. "असॉर्टेड" म्हणजे गाय-बैलाचे आतडी, वजडी वगैरे अवयव. शाकी म्हणजे वजडी, पोन्मो म्हणजे कातडं. तुम्ही "गोट" म्हणून स्पष्ट सांगा, किंवा मासा घ्या. सुया हे निखाऱ्यावर भाजलेलं मांस मूळचं बीफचं, पण चिकन सुया बहुतेक ठिकाणी मिळतं. त्यावरच्या मसाल्यात शेंगदाण्याची पूड असते, आणि माफे रस्सा तर शेंगदाण्याचाच. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर बसल्या बसल्या सांगा; ब्रिटनच्या कायद्यानुसार शेंगदाण्यासह १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं हॉटेलला बंधनकारक आहे, त्यामुळे विचारण्यात संकोच नको.

तिखटाबद्दल: "पेपर" म्हणजे इथे मिरची, आणि मिरची म्हणजे स्कॉच बॉनेट. कोल्हापुरी खाणाऱ्यालाही ती जाणवते, कारण तिचा जाळ पटकन जात नाही. पहिल्या वेळी कमी तिखट मागा. पेपर सूप नावाचा पातळ रस्सा सर्दी झालेल्या माणसाला उत्तम, पण लहान मुलांना देऊ नका.

आता हात. बसल्यावर पाण्याचं भांडं आणि साबण टेबलावर येतो. तिथेच हात धुवायचे, उठायची गरज नाही. उजव्या हाताने गोळ्यातून सुपारीहून थोडा मोठा तुकडा काढा, बोटांत फिरवून गोल करा, अंगठ्याने दाबून मध्ये खोलगा पाडा, त्या खोलग्यात एगुसी उचला आणि तोंडात घाला. याम गरम असतो, बोटं भाजतात, म्हणून गोळा कडेने तोडत यायचं. भेंडीच्या सुपाची तार लोंबते. मनगट हलकेच फिरवलं की ती तुटते. शेजारच्या टेबलावरची आजी कशी जेवते ते पाहिलंत तर दोन मिनिटांत जमेल. हा गोळा चावायचा नसतो, गिळायचा, नावच स्वॉलो. चावलात तर दातांना चिकटतो, बाकी काही बिघडत नाही. आणि भूक असेल त्याच्या निम्माच मागवा. दिसायला लहान असला तरी पोट गच्च भरतं.

चौघांसाठी पहिली ऑर्डर अशी द्यावी: एक चिकन सुया, एक जोलोफ, एक डोडो, एक पाउंडेड याम आणि मटणाची एगुसी, सगळं मध्ये ठेवून वाटून. कमी पडलं तर पुन्हा मागवा. प्यायला झोबो घ्या. लाल अंबाडीच्या बोंडांचं आलं घातलेलं गार पेय आहे. सेनेगलच्या हॉटेलात गेलात तर तेच बिसाप नावाने मिळेल, आणि त्याच्याबरोबर बुये, म्हणजे गोरखचिंचेच्या गराचं घट्ट पांढरं पेयही. सेनेगलचा मासा-भात, थिएबुजेन, युनेस्कोने २०२१ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. मासे खाणाऱ्यांनी तो चुकवू नये.

मोरोक्कन जेवण बहुतेकांना माहीत असतं, त्यामुळे एकच सूचना: "सात भाज्यांचा कुसकुस" पुष्कळदा मांसाच्या रश्श्यावर वाफवलेला असतो. विचारा.

वागणं

भारतात आफ्रिकी विद्यार्थ्यांशी कसं वागलं जातं हे आपल्याला माहीत आहे, आणि त्यातलं काही न कळत आपल्याबरोबर इथवर येतं. म्हणून स्पष्ट लिहिते. समोर आलेल्या ताटाकडे पाहून नाक मुरडू नका, मराठीतही "शी, हे काय गिळगिळीत" असं म्हणू नका. भाषा कळली नाही तरी चेहरा कळतो. लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. वाढणारी बाई वयाने मोठी असेल तर नायजेरियन हॉटेलात गिऱ्हाइकं तिला "आंटी" किंवा "मा" म्हणतात, तुम्हीही म्हणा. काही आवडलं नाही तर तसं शांतपणे सांगा; बहुतेक वेळा ती दुसरं काहीतरी सुचवते. आणि जेवण यायला अर्धा-पाऊण तास लागला तर चुळबुळ करू नका. मासा ऑर्डर आल्यावरच भाजायला घेतात.

हळूहळू आवड लागली की एखाद्या खास दिवशी वरच्या दर्जाच्या हॉटेलातही जाऊन या. मध्य लंडनमधल्या फिट्झरोव्हियातल्या चिशुरू या पश्चिम आफ्रिकी हॉटेलच्या शेफ आडेजोके बाकरे यांनी २०२० साली ब्रिक्स्टनच्या बाजारात छोटं हॉटेल सुरू केलं आणि २०२४ मध्ये मिशेलिन स्टार मिळवला. ब्रिटनमध्ये तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला शेफ. त्याच वर्षी अकोको या हॉटेलालाही स्टार मिळाला, आणि इकोयी या हॉटेलाकडे दोन आहेत. पण सुरुवात इथून करू नका. पेकममध्ये पाच-सहा वेळा एगुसी खाल्लेली असेल तर या ताटांत काय केलंय ते खरं कळतं. शिवाय बिल फार मोठं होतं.

बिल

लहान खाणावळीत आधी "कार्ड चालतं ना?" असं विचारा, थोडी रोकड जवळ ठेवा. बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क लावलं असेल तर ते ऐच्छिक असतं; सेवा वाईट वाटली तर काढायला सांगता येतं. लावलं नसेल तर दहा टक्के स्वतःहून ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या कायद्याने ही रक्कम कामगारांनाच द्यावी लागते, त्यामुळे ती योग्य हाती पडते.

उरलेलं बांधून मागायला लाजू नका, सगळेच मागतात. जोलोफ आणि एगुसी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. पाउंडेड याम मात्र फ्रिजमध्ये दगड होतो, तो संपवूनच उठा. इंजेरा उरला तर घरी नेऊन दुसऱ्या दिवशी तुकडे करून बेर्बेरे आणि तुपावर परता. बेर्बेरेचं पाकीट बहुतेक इथिओपियन हॉटेलांत काउंटरवरच विकत मिळतं.